जुन्या संगणकाला ठिगळे लावावीत की नवा जुळवून घ्यावा?

मालेगावात आमच्या परिचयाचे एक छापखानेवाले आहेत. लग्नपत्रिका, बिलबुके, पावती पुस्तके, शाळा-मदरशांची प्रमाणपत्रे असे त्यांचे काम. शाबान महिना लागला की शहरातले दुकानदार सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकांसाठी त्यांच्याकडे येतात. कुणाला खिशात मावेल असे कार्ड हवे असते, कुणाला भिंतीवर लावायचा मोठा कागद, आणि प्रत्येकाला त्यावर आपल्या दुकानाचे नाव. या पंधरवड्याच्या कमाईवर त्यांचा रमजान आणि पुढची ईद निघते. हे काम एक दिवसही उशिरा देऊन चालत नाही, कारण रमजान सुरू झाल्यावर वेळापत्रक कोण घेणार?

२०२५ च्या फेब्रुवारीत, रमजान पंधरा दिवसांवर आला असताना, त्यांचा संगणक सकाळी सुरूच झाला नाही. दुपारी मेकॅनिक आला. त्याने पडदा सुरू करून दाखवला, पण आत फायली दिसेनात. जुनी हार्ड डिस्क गेली होती. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिकांची डिझाइने, ग्राहकांची नावे, तीन वर्षांची बिले आणि त्या हंगामातली चोवीस दुकानांची तयार वेळापत्रके, सर्व काही त्या एका डिस्कवर होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. निम्म्याहून अधिक काम शेजारच्या छापखान्यात गेले. ग्राहक रागावले नाहीत, पण त्यातले काही पुढच्या वर्षी तिकडेच गेले.

ही हकीगत सांगण्याचे कारण असे की त्या गृहस्थांनी संगणकावर खर्च केला नव्हता असे मुळीच नाही. उलट तीन वर्षे ते सतत खर्च करीत होते. तो खर्च कुठे गेला, हे पाहिले तर आमच्या व्यापारी आणि कारागीर वाचकांपैकी अनेकांना आपलीच खातेवही वाचल्यासारखे वाटेल.

ठिगळांचा हिशेब

त्यांचा संगणक २०१३ सालचा होता. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क. त्या काळी चांगला होता आणि नऊ वर्षे त्याने इमानाने काम दिले. पुढे तो संथ झाला आणि दुरुस्त्या सुरू झाल्या. आम्ही त्यांच्याजवळ बसून जुन्या पावत्या आणि आठवणीतले आकडे जुळवले, ते असे:

चार जीबीची वाढीव रॅम, रु. १,२००. जळालेल्या एसएमपीएसच्या जागी दुसरा, रु. १,१००. कोरल ड्रॉ लवकर उघडावे म्हणून जुने ग्राफिक कार्ड, रु. ३,५००. मदरबोर्ड गेला तेव्हा वापरलेला दुसरा बोर्ड, रु. २,४००. विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी, रु. १,७००. मेकॅनिकच्या सहा खेपा, रु. ३,०००. एकूण रु. १२,९००.

यात हार्ड डिस्कमधील माहिती परत काढण्याचे रु. ६,५०० मिळवा. तीही अर्धीच निघाली. बेरीज रु. १९,४०० झाली. बुडालेल्या कामाचे पैसे यात धरलेले नाहीत.

त्यांच्या भाच्याने, जो नाशिकला संगणकाचे काम शिकला आहे, हे आकडे पाहून विचारले, "मामू, एवढ्या पैशात तुम्ही काय विकत घेतले?" मामू म्हणाले, "बेटा, दर वेळी वाटले की हे शेवटचे."

खरे दुखणे हेच आहे. हजार-दोन हजारांचा खर्च गल्ल्यातून सहज निघतो, म्हणून तो डोळ्यावर येत नाही. पंचवीस-तीस हजारांचा खर्च विचार करायला लावतो, म्हणून तो पुढे ढकलला जातो. पण यंत्रमागवाला आपल्या मागाच्या बाबतीत असे करीत नाही. कोणता माग दुरुस्तीत किती खातो, हे त्याला तोंडपाठ असते. संगणकालाही तोच नियम लावला पाहिजे.

जुन्या यंत्राची मर्यादा कुठे येते

जुन्या संगणकात नवा सुटा भाग टाकला म्हणजे तो नव्या भागाच्या वेगाने चालतो, असा समज आहे. तसे होत नाही. एच-६१ बोर्डाचेच उदाहरण घ्या. त्यावरील हार्ड डिस्कची जोडणी तीन गिगाबिटची, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या साटाची. साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या पुढे माहिती वाचू शकते, पण या बोर्डावर ती तीनशेच्याही आत अडकते. तरीही जुन्या हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक मोठा जाणवतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु आजची एनव्हीएमई जातीची एसएसडी, जी सेकंदाला दोन-तीन हजार एमबी वाचते, तिच्यासाठी या बोर्डावर खाचच नाही.

रॅमचेही तसेच. त्या बोर्डाला डीडीआर-३ जातीची रॅम लागते. डीडीआर-४ हा २०१४ पासूनचा प्रकार आणि डीडीआर-५ त्याच्याही नंतरचा. तिन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. म्हणजे आज डीडीआर-३ वर घातलेला पैसा उद्याच्या संगणकात उपयोगी पडत नाही. तो जुन्या यंत्राबरोबरच भंगारात जातो.

तिसरी मर्यादा विंडोजची. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा सेवा बंद केली. नोंदणी करणाऱ्यांना एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली, पण तो केवळ श्वास घेण्यापुरता अवधी होता. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळ मानाने इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर यात बसतात. आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे बाजारात आहेत, पण ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार आणि जीएसटीचे काम होते, त्यावर असला प्रयोग आम्ही सुचवणार नाही.

आपला प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, हे ओळखणे सोपे आहे. आय-थ्री ३२२० असे लिहिले असेल तर पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. आय-फाइव्ह ८४०० म्हणजे आठवी. १२१०० असा पाच आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे पाहावेत, म्हणजे ती बारावी पिढी.

ठिगळ कधी योग्य

प्रत्येक जुना संगणक टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. सांगितलेले भाग विकून मोकळे होणारे दुकानदार जसे आहेत, तसे गरज नसताना नवे यंत्र गळ्यात मारणारेही आहेत. खालील चार प्रश्नांची उत्तरे आधी स्वतःच द्यावीत.

एक, प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे काय? असल्यास आणि तक्रार फक्त संथपणाची असल्यास, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका आणि रॅम आठ जीबी नसेल तर तेवढी करा. बिले, टॅली, जीएसटी आणि पत्रव्यवहार यांना तो संगणक अजून काही वर्षे पुरेल. नवे यंत्र घेण्याचे कारण नाही.

दोन, घालायचा भाग पुढच्या संगणकात नेता येईल काय? एसएसडी, पडदा, यूपीएस, की-बोर्ड, प्रिंटर नेता येतात. डीडीआर-३ रॅम, जुना प्रोसेसर आणि जुना बोर्ड नेता येत नाहीत. जो भाग पुढे जातो त्यावर खर्च करायला हरकत नाही, कारण तो खर्च भांडवलात राहतो.

तीन, बिघाड कशात आहे? मदरबोर्ड गेला असेल तर जुन्या जातीचा वापरलेला बोर्ड घेऊ नका. दहा-बारा वर्षे वापरलेला बोर्ड कुणाच्या तरी यंत्रातून निघालेला असतो आणि त्याची हमी दुकानाच्या पायरीपर्यंतच असते. काही बोर्ड नव्या खोक्यात येतात, पण त्यावरील मुख्य चिप जुन्या बोर्डांवरून उतरवलेली असते.

चार, गेल्या दोन वर्षांत दुरुस्तीवर किती गेले? ती रक्कम आणि आता सांगितलेला खर्च मिळून नव्या जुळणीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर तिथेच थांबावे. हा कायदा नव्हे, आमचा अंदाज आहे, पण छापखानेवाल्यांनी तो पाळला असता तर त्यांचे २०२४ चे दोन्ही खर्च वाचले असते.

नवी जुळणी कशी झाली

ईद झाल्यावर, एप्रिल २०२५ मध्ये, भाच्याने मामूंना नवा संगणक जुळवून दिला. ब्रँडेड तयार यंत्र न घेता सुटे भाग आणून जोडले. भाग असे होते: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, रु. ११,५००. ए-५२० मदरबोर्ड, रु. ५,०००. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून सोळा जीबी डीडीआर-४ रॅम, रु. ३,२००. पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी, रु. ३,३००. साडेचारशे वॅटचा एसएमपीएस, रु. २,५००. कॅबिनेट, रु. १,८००. एकूण रु. २७,३००, करासह.

पडदा, की-बोर्ड, माऊस, यूपीएस आणि प्रिंटर जुनेच ठेवले. २४० जीबीची जुनी एसएसडीही नव्यात बसवली. तिच्यावर आता रोजच्या कामाची दुसरी प्रत जाते. म्हणजे ठिगळांच्या रु. १२,९०० पैकी फक्त रु. १,७०० कामी आले. बाकीचे रु. ११,२०० जवळपास प्रोसेसर विकत घेण्याइतके होते.

हे आकडे त्या महिन्याचे आहेत, ते आजचे भाव समजू नयेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मागणी आल्याने त्यांचे उत्पादन तिकडे वळले. एसएसडीलाही त्याची झळ लागली. यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, दोन-तीन दुकानांतून त्याच दिवसाचे लेखी भाव घेतल्याशिवाय बेरीज करू नये. दुसरी, जुन्या यंत्रात डीडीआर-४ रॅम असेल तर ती विकू किंवा टाकू नये. नवा बोर्ड डीडीआर-४ चाच घेतला तर ती पट्टी पुढे चालते. इंटेलचे एच-६१० बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून खोक्यावर काय छापले आहे ते पाहूनच पैसे द्यावेत.

भाग निवडताना

प्रोसेसर निवडताना आपले काम पाहा, शेजाऱ्याचे नव्हे. बिले, टॅली, जीएसटी आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर चार कोरचा प्रोसेसर भरपूर झाला. इंटेलचा २०२२ सालचा आय-थ्री १२१०० या वर्गातला आहे. कोरल ड्रॉ, फोटोशॉप, एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनची मांडणी किंवा फ्लेक्सचे मोठे काम असेल तर सहा कोरचा घ्यावा. मामूंचा ५६००जी त्यातला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. इंटेलच्या क्रमांकापुढे 'एफ' अक्षर असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते आणि वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावे लागते. हजार रुपये स्वस्त म्हणून असा प्रोसेसर घेणारे नंतर त्याच्या कितीतरी पट कार्डावर घालतात. आपल्या कामाला वेगळ्या कार्डाची गरज सहसा नसते.

प्रोसेसरमधीलच ग्राफिक वापरायचे असेल तर सोळा जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. अशा यंत्रात ग्राफिकसाठी वेगळी मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेते. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी माहिती जाते आणि काम हलके होते.

एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये. संगणकाचे सर्व भाग त्याच्यावर जगतात. वर सांगितलेले प्रोसेसर साठ-पासष्ट वॅटच्या वर्गातले आहेत, म्हणून साडेसातशे वॅटचा एसएमपीएस गळ्यात मारला जात असेल तर तोही नको. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस छापाचा, चारशे-साडेचारशे वॅटचा पुरेसा आहे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर मात्र विश्वास ठेवू नये.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमाग भागात हवेत सुताची कसपटे असतात. ती पंख्यात आणि प्रोसेसरच्या हिटसिंकमध्ये जाऊन बसतात आणि यंत्र तापते. तिथे जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, ते जमिनीवर न ठेवता फूटभर उंच ठेवावे आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून ब्लोअरने साफ करावे. बेकरीत पीठ आणि सुतारकामात भुसा, यांनाही हाच उपाय. विजेच्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. चांगले यंत्र वाईट वायरिंगवर टिकत नाही.

जुनी कामे नव्यावर चालतील ना?

नवे यंत्र घेण्यापूर्वी आपल्या जुन्या सॉफ्टवेअरची यादी करावी. इथे अनेकजण फसतात. विंडोज ११ फक्त ६४-बिटची आहे आणि तिच्यावर डॉसच्या काळातील १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. काही आडत दुकानांत अजून तसले हिशेबाचे प्रोग्रॅम आहेत. त्यातील खाती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

उर्दूसाठी इनपेज आणि मराठीसाठी जुन्या फॉन्टचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आपली आवृत्ती नव्या विंडोजवर चालते काय, कुलूप म्हणजे डोंगल ओळखले जाते काय, हे विक्रेत्याकडून विचारून घ्यावे. जमल्यास नवी कामे युनिकोडमध्ये करावीत, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मजकूर वाया जात नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची जुनी रुंद जोडणी नव्या बोर्डावर बहुधा नसते. त्यासाठी यूएसबीची जोडवायर मिळते, पण आपल्याच प्रिंटरवर चालवून पाहूनच ती घ्यावी. जुना पडदा व्हीजीएचा असेल तर बोर्डावर व्हीजीए आहे काय, तेही पाहावे.

विंडोजचा अस्सल परवाना हा खर्चाचा वेगळा भाग आहे आणि तो हजारांत जातो. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांत 'की' विकतात. दुसऱ्याचा माल चोरून विकला तर तो आपण घेत नाही, मग हे तरी का घ्यावे? शिवाय चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर विषाणू घरात येतात आणि आपल्या हिशेबाला कुलूप लावून खंडणी मागतात. परवाना परवडत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू आणि सोबत लिबर ऑफिस हे मोफत आणि रीतसर आहेत. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते आणि इंटरनेटचे काम त्यावर चांगले होते. टॅलीप्राइम आणि कोरल ड्रॉ वापरणाऱ्यांना मात्र विंडोज घ्यावीच लागते.

पावती, कर आणि हप्ते

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे भाव करता येतो, पण "बिल नको असेल तर कमी करतो" असे कुणी म्हटले तर नाही म्हणावे. बिल नसेल तर कंपनीची हमी मिळवताना अडचण येते आणि कराची वजावटही जाते.

संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आपल्या जीएसटी क्रमांकाचे बिल घेतले तर हा कर त्याला वजावटीत मिळतो. मामूंच्या रु. २७,३०० मध्ये सुमारे रु. ४,१६० कर होता, म्हणजे त्यांना यंत्र खरोखर पडले सुमारे रु. २३,१४० ला. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही वजावट मिळत नाही. आयकरात घसारा घेणाऱ्यांनी ज्या कराची वजावट घेतली, त्यावर पुन्हा घसारा घेऊ नये. नोंद करण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारावे.

हप्त्यांविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपले अनेक वाचक व्याजापासून दूर राहू इच्छितात. 'शून्य टक्के' किंवा 'बिनखर्ची' हप्त्यांच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते. व्याज किमतीत किंवा शुल्कात लपलेले असते, आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट हप्त्यांत बुडते. सुट्या भागांच्या जुळणीचा इथे एक फायदा आहे. सर्व पैसे एकदम नसतील तर भाग थोडे थोडे घेता येतात. या महिन्यात कॅबिनेट आणि एसएमपीएस, पुढच्या महिन्यात बाकीचे. मात्र बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकाच वेळी घेऊन लगेच चालवून पाहावेत. नाहीतर बिघाड कोणत्या भागात आहे ते कळत नाही आणि बदलून देण्याची मुदतही निघून जाते.

मधला मार्ग

ज्यांना पंधरा हजारांच्या पुढे जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मोठ्या कंपन्यांतून निघालेली, दुरुस्त करून विकली जाणारी ऑफिसची यंत्रे हा एक मार्ग आहे. आठव्या पिढीच्या खालचे घेऊ नये. एसएसडी नवीन टाकून मागावी, किमान सहा महिन्यांची लेखी हमी घ्यावी आणि बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. या छोट्या यंत्रांचे एसएमपीएस आणि बोर्ड वेगळ्या आकाराचे असतात, त्यामुळे पुढे त्यात बाजारातील साधे भाग बसत नाहीत, हे समजूनच घ्यावे. दुकानाच्या बिलासाठी ते ठीक आहे. छापखान्याच्या किंवा एम्ब्रॉयडरीच्या कामाला नवी जुळणीच बरी.

यंत्रापेक्षा माहिती महाग

शेवटी मूळ दुखण्याकडे येऊ. मामूंचे नुकसान संगणक जुना होता म्हणून झाले, हे अर्धेच खरे आहे. दुसरी प्रत नव्हती, हे उरलेले अर्धे. नवी एसएसडीसुद्धा एका दिवशी न सांगता बंद पडू शकते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. "डिस्क गेली" हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

म्हणून नव्या जुळणीच्या बेरजेत बाहेरची एक हार्ड डिस्क धरावी. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुकानाच्या बाहेर, म्हणजे घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. बाहेरची डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये. प्रत घेतली की काढून ठेवावी, म्हणजे विजेचा झटका किंवा विषाणू दोन्ही एकदम खाणार नाही. मामू आता दर गुरुवारी संध्याकाळी प्रत घेतात आणि डिस्क घरी नेतात. शुक्रवारी छापखाना बंद असतो, त्यामुळे हा वार चुकत नाही.

जुने यंत्रही त्यांनी फेकले नाही. त्यातील डिस्क काढून घेतली, एक जुनी एसएसडी टाकली, लिनक्स मिंट बसवले आणि मुलींना टायपिंग शिकायला घरी ठेवले. इंटरनेटवरील बँकेचे काम मात्र त्यावर करायचे नाही, अशी सक्त ताकीद आहे.

२०२६ च्या फेब्रुवारीत रमजानची वेळापत्रके त्यांनी वेळेवर दिली. आधीच्या वर्षी गेलेल्या ग्राहकांपैकी सगळे परत आले नाहीत. "जे आले ते पुरे," असे ते म्हणतात. तरीही गल्ल्यात आता एक छोटी वही असते. संगणकावर झालेला प्रत्येक खर्च, पन्नास रुपयांच्या वायरीपर्यंत, तीत लिहिला जातो. आमच्या वाचकांनी या लेखातून दुसरे काही घेतले नाही तरी ही वही घ्यावी. पुढच्या वेळी मेकॅनिक म्हणेल, "एवढे टाका, चालेल अजून," तेव्हा हो म्हणण्याआधी ती उघडावी आणि बेरीज करावी.